आलेखाला हात लागतो तेव्हा

आजचा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, म्हणजे एकतर लोकलमध्ये आहात किंवा इयरफोन घरी राहिलेत. हरकत नाही. भागात बोललो तेच इथे आहे, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत आणि दोन-चार गोष्टी जरा सविस्तर मांडल्यात.

आधी एक करा. फोनमध्ये शेअरचं नाहीतर म्युच्युअल फंडाचं एखादं ॲप असेल तर त्यातला ग्राफ उघडा. त्यावर बोट टेकवा, त्या दिवसाचा भाव वर दिसेल. बऱ्याच ॲपमध्ये दोन बोटांनी ताणलं की वर्षाचा चढउतार बाजूला सरतो आणि एकच आठवडा डोळ्यांसमोर येतो. भरकटलात तर कुठेतरी एक बटण असतं, ते दाबलं की सगळं पुन्हा जागेवर. यात काय विशेष, असं वाटेल. पण ग्राफ हा असा चिमटीत पकडायचा प्रकार आहे, हे कुणाच्या तरी डोक्यात पहिल्यांदा आलं असणार ना? ते डोकं फोनवाल्यांचं नव्हतं. ही सगळी खटपट आधी डेस्कटॉपवर झाली, आणि तिचं बीज तर डेस्कटॉपच्याही आधीचं आहे. आजचा भाग त्या खटपटीवर.

कागदावरचा आलेख जुना आहे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले, आणि आपण शाळेत काढतो तसले रेषांचे आणि स्तंभांचे आलेख तिथून रूढ होत गेले. पण कागदावर एक अडचण कायम असते. अक्ष कुठून सुरू करायचा, काय दाखवायचं, काय गाळायचं, हे सगळं काढणारा ठरवतो. वाचणाऱ्याने फक्त बघायचं. एखाद्या ठिपक्याकडे बोट दाखवून "हा कोण?" असं विचारलं तर कागद काही बोलत नाही. जवळजवळ दोनशे वर्षं हे असंच चाललं.

मग आले जॉन ट्युकी. हे नाव लक्षात ठेवा, कारण नकळत तुम्ही रोज त्यांचा शब्द वापरता. 'बिट' हा शब्द त्यांचा. 'सॉफ्टवेअर' हा शब्द आजच्या अर्थाने छापून आला तो १९५८ मध्ये त्यांच्याच लेखात. शाळा-कॉलेजात बॉक्स प्लॉट काढला असेल तर तोही त्यांचाच. प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापकी आणि बेल लॅब्जमध्ये संशोधन अशा दोन नोकऱ्या हा माणूस एकाच वेळी करायचा. त्यांचं म्हणणं असं, की आकडेमोड करून एखादा निष्कर्ष सिद्ध करणं ही नंतरची गोष्ट. आधी डेटाजवळ बसा, त्याला उलटसुलट करून बघा, तो काय सांगतोय ते ऐका.

१९७२ च्या सुमारास ट्युकी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या कण-त्वरकाच्या प्रयोगशाळेत काही महिने होते. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांकडे कणांच्या टकरींच्या नोंदी होत्या, आणि प्रत्येक टकरीचे पाच-सात-नऊ वेगवेगळे आकडे. आता कागदावर दोन अक्ष मावतात. नऊ आकड्यांतून दोन-दोनच्या जोड्या काढल्या तर ३६ आलेख होतात, आणि खरी गंमत त्या ३६ पैकी कशातच नसून कुठल्यातरी तिरक्या कोनात लपलेली असू शकते. मग ट्युकी, जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर या तिघांनी एक प्रणाली उभी केली. नाव प्रिम-९. पिक्चरिंग, रोटेशन, आयसोलेशन, मास्किंग यांची आद्याक्षरं, आणि नऊ म्हणजे नऊ मिती.

हे नाव मला फार आवडतं, कारण त्यात एकही गणिती शब्द नाही. चारही क्रिया आहेत, हाताने करायच्या. चित्र दाखव. फिरव. हा ढीग वेगळा काढ. एवढा भाग सोडून बाकीचं झाक. समोर एक पडदा, हाताखाली बटणं. बटण दाबलं की ठिपक्यांचा ढग हळूहळू फिरायला लागायचा. आणि इथे डोळ्यांची एक गंमत आहे. ठिपके फिरत असतात तेव्हा आपल्याला खोली जाणवते, पुढचं-मागचं कळतं. फिरणं थांबलं की खोली गायब, उरतात सपाट ठिपके. म्हणजे बघणाऱ्याला जे कळायचं ते चित्रातून नव्हे, हालचालीतून कळायचं. कागदावर हे कधीच जमलं नसतं.

या प्रणालीवर एक छोटी फिल्मही निघाली. त्यात ट्युकी स्वतः पडद्यासमोर बसून ढग फिरवतात, एक गठ्ठा वेगळा काढतात, पुन्हा फिरवतात. काम हळूहळू चालतं, पण बघताना कळतं की हा माणूस आलेख 'दाखवत' नाहीये, त्याच्याशी बोलतोय. पुढे फ्रीडमन आणि ट्युकींनी असाही विचार केला, की चांगला कोन शोधण्याची ही हाताची मेहनत संगणकालाच शिकवता येईल का, आणि त्यातून संख्याशास्त्रातली एक वेगळी पद्धत जन्माला आली. पण तो विषय मोठा आहे, तो पुन्हा कधीतरी.

एकच अडचण होती. हा सगळा खेळ चालायचा आयबीएम ३६०/९१ या यंत्रावर. ते तुमच्या-माझ्या टेबलावर मावणारं यंत्र नव्हे. त्याला खोली लागायची, आणि तशी यंत्रं जगात मोजकीच होती. एका माणसाने तासभर ठिपके फिरवत बसायचं म्हणजे चैनच.

आता टेबलावर येऊ. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी व्हिजिकॅल्क काढलं, म्हणजे आजच्या एक्सेलचं आजोबा. त्याच्या जोडीला मिच कपोर नावाच्या तरुणाने आलेख काढणारा व्हिजिप्लॉट लिहिला. हा कपोर त्याआधी भावातीत ध्यान शिकवायचा, महर्षी महेश योगींची पद्धत. १९८२ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली तेव्हा नाव ठेवलं लोटस. पद्मासनावरून! १९८३ च्या जानेवारीत लोटस १-२-३ बाजारात आलं आणि ऑफिसांमध्ये आयबीएम पीसी घ्यायचं तेच एक कारण होऊन बसलं. नावातले एक, दोन, तीन म्हणजे तक्ता, आलेख आणि डेटाबेस, तिन्ही एकाच प्रोग्राममध्ये.

त्यात आलेख कसा काढायचा? स्लॅशची कळ दाबायची, वर मेनू उघडायचा, त्यातून ग्राफ, मग प्रकार, मग कुठल्या रकान्यातले आकडे घ्यायचे ते, मग 'बघा'. तक्ता नाहीसा व्हायचा आणि पूर्ण पडदाभर आलेख. कुठलीही कळ दाबली की पुन्हा तक्ता. पण खरी जादू होती एफ-१० या कळीत. तक्त्यात एक आकडा बदला, समजा भाडं वाढवलं, एफ-१० दाबा, आणि तोच आलेख नव्या आकड्यांनिशी समोर. आज हे ऐकून जांभई येईल. पण त्याआधी आकडा बदलला की आलेख काढणाऱ्या माणसाला पुन्हा पट्टी-पेन्सिल घेऊन बसायला लागायचं. "असं केलं तर काय होईल?" हा प्रश्न विचारायची किंमत एकदम एका कळीवर आली.

बाकी गैरसोयी विचारू नका. आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीतलं एकरंगी कार्ड फक्त अक्षरं दाखवायचं, ग्राफ नाहीच. म्हणून काही लोक एकाच संगणकाला दोन मॉनिटर लावायचे. एकावर तक्ता, दुसऱ्यावर आलेख. लोटसमध्ये तशी सोयच होती. दोन मॉनिटर लावून बसणारे आयटीवाले ही काही आजची फॅशन नाही, बरं का! आणि छापायचा असेल तर आलेख वेगळ्या फाइलमध्ये साठवायचा, लोटसमधून बाहेर पडायचं, 'प्रिंटग्राफ' नावाचा दुसरा प्रोग्राम सुरू करायचा, आणि मग प्रिंटर.

पण माझी तक्रार यातल्या कशाबद्दल नाही. लोटसमधला रस्ता एकेरी होता. आकड्यांकडून चित्राकडे जाता यायचं. चित्राकडून आकड्यांकडे परत येता यायचं नाही. आलेखात एक ठिपका सगळ्यांपासून दूर दिसला, तर तो तक्त्यातल्या कुठल्या ओळीतला, हे तुम्हीच शोधायचं. ट्युकींनी आलेखाला हात लावायला शिकवलं होतं. ऑफिसातल्या आलेखाने तो हात पुन्हा काढून घेतला. तो झाला मीटिंगमध्ये दाखवायचं चित्र. खरं सांगायचं तर ऑफिसातले बरेचसे ग्राफ आजही तिथेच अडकलेत.

आता जरा थांबू. आलेखाशी बोलता येणं ही नुसती हौस आहे का? १९८६ च्या जानेवारीत काय झालं ते बघा. २८ तारखेला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सातही जण गेले. बाजूच्या रॉकेटच्या सांध्यात रबराच्या कड्या असतात, त्या थंडीत कडक झाल्या आणि सांध्याने दगा दिला. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते फोनवर सांगत होते की थंडी फार आहे, उडवू नका. पण थंडीचा आणि कड्यांच्या नुकसानीचा संबंध त्यांना समोरच्यांना पटेल असा दाखवता आला नाही.

नंतर चौकशी आयोगाने आपल्या अहवालात दोन आलेख शेजारी ठेवले. पहिल्यात फक्त ती सात उड्डाणं, ज्यांत कड्यांना इजा झाली होती. आडव्या अक्षावर तापमान. ठिपके इकडे-तिकडे पसरलेले. थंडीतही इजा, उन्हातही इजा, काही संबंध दिसत नाही. दुसऱ्या आलेखात इजा न झालेली उड्डाणंही घातली. आणि चित्र पालटलं. ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण १८ सेल्सिअसच्या खाली, झालेली चारही उड्डाणं इजेची. त्यावरच्या वीस उड्डाणांपैकी इजेची फक्त तीन. आणि चॅलेंजर उडालं तेव्हा तापमान होतं ३६ फॅरनहाइट, जेमतेम दोन सेल्सिअस. असा सगळ्या उड्डाणांचा हिशेब कुणी आधी मांडलाच नव्हता, असं आयोगाने नोंदवलं.

इथे लगेच "एका चांगल्या ग्राफने सात जीव वाचले असते" असं म्हणायचा मोह होतो. मी म्हणणार नाही. अभियंते विरोध करतच होते, आणि त्यांचा विरोध बाजूला सारण्यामागे वेळापत्रकाचा दबाव होता. पण त्या पहिल्या आलेखाकडे इंटरफेसच्या नजरेने बघा. त्याला एक फिल्टर लागलाय, 'फक्त बिघाड झालेली उड्डाणं', आणि तो फिल्टर लागलाय हे चित्रावर कुठेही दिसत नाही. आज डेस्कटॉपवरच्या एखाद्या ॲपमध्ये आलेखाच्या कोपऱ्यात '२४ पैकी ७ नोंदी दाखवत आहोत' अशी बारीक ओळ दिसते ना? डिझायनरला ती ओळ कटकट वाटते, जागा खाते म्हणून काढून टाकावीशी वाटते. माझं मत विचाराल तर आख्ख्या खिडकीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

गंमत अशी की त्याच सुमारास दुसरीकडे हात परत मिळवायची धडपड सुरू झाली होती. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश आला. माउस, चित्रांचा पडदा, एकाच वेळी अनेक खिडक्या. ट्युकींचे विद्यार्थी पॉल व्हेलमन यांनी मॅकसाठी डेटा डेस्क हा प्रोग्राम तयार केला. त्यात एका आलेखात काही ठिपके निवडले की बाकीच्या सगळ्या खिडक्यांत तेच ठिपके उजळायचे.

१९८७ मध्ये बेल लॅब्जच्या रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलंड यांनी हीच कल्पना नीट बांधून मांडली. नाव दिलं ब्रशिंग. समजा रबराच्या नमुन्यांची माहिती आहे. प्रत्येकाचा कडकपणा किती, ताण किती सोसतो, घासल्यावर झिजतो किती. या तिन्हींच्या जोड्यांचे छोटे छोटे आलेख चौकोनी मांडणीत शेजारी-शेजारी. माउस म्हणजे एक आयताकृती ब्रश. तो एका आलेखातल्या कडक नमुन्यांवरून फिरवला, की बाकीच्या आलेखांत तेच नमुने चमकतात, आणि एकदम दिसतं की कडक रबरात ताण आणि झीज यांचं नातं कसं आहे. या ब्रशने काय-काय करता यायचं? उजळवणं, बाकीचे झाकणं, काढून टाकणं, आणि नाव विचारणं. हे नाव विचारणं फार महत्त्वाचं. "हा ठिपका कोण?" या प्रश्नाला आलेखाने पडद्यावर दिलेलं उत्तर. शिवाय रंगवलेलं तात्पुरतं ठेवायचं, कायम ठेवायचं, की पुसायचं, असे तीन प्रकार. म्हणजे चूक झाली तर ब्रशनेच पुसता येईल, हा विचार पहिल्यापासून होता.

पुढची पायरी मेरीलंड विद्यापीठात. बेन श्नायडरमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९२ मध्ये वॉशिंग्टन परिसरातली घरं शोधायचा एक प्रोग्राम केला. नकाशावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका. बाजूला सरकपट्ट्या, म्हणजे स्लायडर. किंमत, खोल्या, ऑफिसपासूनचं अंतर. पट्टी सरकवली की बजेटबाहेरचे ठिपके विझतात. १९९४ मध्ये क्रिस्टोफर आल्बर्ग या स्वीडिश विद्यार्थ्याबरोबर त्यांनी तेच सिनेमांसाठी केलं. आडवा अक्ष वर्षाचा, उभा लोकप्रियतेचा, आणि ठिपक्यावर क्लिक केलं की त्या सिनेमाची माहिती. पुण्यात वाकडला किंवा ठाण्यात घोडबंदरला भाड्याचा टू बीएचके शोधताना किमतीची पट्टी सरकवलीत ना? तीच ती.

त्यांचा एक आग्रह होता: पट्टी सरकल्यावर चित्र सेकंदाच्या दहाव्या भागात बदललं पाहिजे. 'शोधा' नावाचं बटण नको, वाट बघणं नको. वाट बघावी लागली की माणूस प्रश्न जपून विचारतो, मोजके विचारतो. झटपट उत्तर आलं की तो चाळा करतो, पट्टी उगाच इकडून तिकडे नेतो, आणि या चाळ्यातच अनपेक्षित काहीतरी सापडतं. शिवाय सगळे ठिपके विझले तर "काही सापडलं नाही" अशा कोऱ्या पाटीसमोर बसायला लागत नाही. पट्टी थोडी मागे आणली की पहिला दिवा कुठे लागतो ते दिसतं. आल्बर्गने यावर पुढे स्पॉटफायर नावाची कंपनी काढली, २००७ मध्ये टिबको कंपनीने ती १९५ दशलक्ष डॉलरला घेतली.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. जॉन हंटर. शिकागो विद्यापीठात मेंदूवर संशोधन करायचे. फेफऱ्याचे म्हणजे अपस्माराचे असे रुग्ण, ज्यांना औषधं लागू पडत नाहीत. अशा रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड ठेवतात आणि विजेच्या लहरी नोंदवतात, म्हणजे झटका नेमका कुठून सुरू होतो ते कळावं आणि शस्त्रक्रिया करायची तर नेमकी तिथे करता यावी. पडद्यावर एकाखाली एक अशा कितीतरी लहरी. ही नुसती शोभेची चित्रं नव्हेत. इथे चुकीच्या जागी बोट ठेवलं तर सुरी चुकीच्या जागी लागेल.

त्यांच्या प्रयोगशाळेत या लहरी बघायला एक विकतचं सॉफ्टवेअर होतं, पण लायसन्स एकच. संगणकाला एक छोटी हार्डवेअर किल्ली, म्हणजे डाँगल, लावल्याशिवाय ते चालायचं नाही. डॉक्टर, विद्यार्थी, संशोधक सगळे त्या एका किल्लीसाठी नंबर लावायचे. चाळीतल्या एकाच नळावर सगळ्यांच्या बादल्या, तसला प्रकार. हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्ये स्वतःचा प्रोग्राम लिहिला, तिथे मर्यादा आल्या, मग पायथनकडे वळले. आलेख काढायला मनासारखं काही मिळेना, म्हणून तेही स्वतःच लिहिलं आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी फुकट, खुलं केलं. नाव मॅटप्लॉटलिब. इंजिनीअरिंगला असाल किंवा डेटा सायन्सचा एखादा कोर्स केला असेल, तर ते तुमच्या लॅपटॉपवर आत्ता असेल. २००८ मध्ये नासाचं फिनिक्स यान मंगळावर उतरताना त्याचा डेटा बघायला तेच वापरलं गेलं.

त्याची खिडकी उघडली की खाली किंवा वर बटणांची एक साधी पट्टी दिसते. ती बघून कुणी डिझाइनचं बक्षीस देणार नाही. पण जरा नीट बघा. सुरुवातीला तिथे प्रत्येक अक्षासाठी डावीकडे-उजवीकडे, वर-खाली अशा बाणांची बटणं होती. नंतर ती जाऊन दुसरी आली: घर, मागे, पुढे, सरकवणं, चौकोन आखून झूम करणं, सेव्ह. घर, मागे, पुढे हे कुठून उचललं? वेब ब्राउझरवरून. आलेखाचं प्रत्येक दृश्य म्हणजे जणू एक पान. झूम केलं, नवं पान. मागे गेलात, जुनं दृश्य परत. घर दाबलं, जिथून सुरुवात केली तिथे.

ही उसनवारी मला भलतीच हुशार वाटते. आलेखात शिरताना माणूस घाबरतो ते हरवायला. लहरींच्या एका टोकावर झूम केलं, मग आणखी झूम केलं, आता हे कितव्या सेकंदाचं आहे, बाकीचं कुठे गेलं? परतीची वाट माहीत असेल तरच माणूस खोल जातो. सिंहगडावर पहिल्यांदा जाणारा जसा वाटेवरच्या खुणा बघत जातो तसं. आणखी एक बारकावा: सरकवताना कीबोर्डवर एक्सची कळ धरून ठेवली तर आलेख फक्त आडवा हलतो, वायची कळ धरली तर फक्त उभा. लहरी बघणाऱ्याला हे लागतंच. वेळ ताणून बघायची आहे, पण लहरीची उंची बदलली तर दोन लहरींची तुलनाच बिघडेल. शिवाय एकाखालच्या एक आलेखांचा वेळेचा अक्ष सामाईक ठेवता येतो. एकात झूम केलं की सगळे एकत्र तिथे जातात.

दोषही आहेत, लपवायला नकोत. सरकवायचं बटण एकदा दाबलं की ते दाबलेलंच राहतं. तुम्ही विसरता, क्लिक करायला जाता, आणि सगळा आलेख घसरतो. नवख्यांची हमखास चिडचिड होते ती इथे. आणि सेव्हच्या बटणावर अजून फ्लॉपीचं चित्र आहे. ती वस्तू हातात न घेतलेली पिढी आता हे वाचतेय.

२०१२ च्या जुलैमध्ये एका परिषदेत हंटर यांनी भाषण दिलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, २८ ऑगस्टला, कर्करोगावरच्या उपचारांतल्या गुंतागुंतीमुळे ते गेले. प्रकल्प थांबला नाही. स्वयंसेवकांनी पुढे नेला. आणि त्यांनी हात घातला तो एका विचित्र प्रश्नाला: रंग.

हवामानाचा नकाशा आठवा. निळा, हिरवा, पिवळा, लाल. इंद्रधनुष्य. मॅटलॅबमध्ये आणि मॅटप्लॉटलिबमध्ये कितीतरी वर्षं न सांगता हेच रंग यायचे. त्यांना 'जेट' म्हणतात. दिसायला झकास. पण यात पिवळा पट्टा डोळ्यांना एकदम उजळ लागतो, म्हणून आकडे सावकाश वाढत असले तरी तिथे सीमारेषा असल्यासारखं वाटतं. उलट हिरव्याच्या पोटात खरा फरक असला तरी तो दिसत नाही. लाल-हिरवा ओळखायला त्रास असलेल्या माणसाला तर दोन वेगळे आकडे सारखेच दिसू शकतात. हे नुसतं सौंदर्याचं भांडण नाही. २०११ मध्ये हार्वर्डला मिशेल बोर्किन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला. हृदयाच्या धमन्यांतल्या धोक्याच्या जागा ओळखायच्या. जुन्या पद्धतीच्या त्रिमितीय, इंद्रधनुषी चित्रांत ३९ टक्के जागा सापडल्या. तीच धमनी सपाट उलगडून, साध्या दोन टोकांच्या रंगछटेत दाखवली, तर ९१ टक्के. माहिती तीच. बदललं ते फक्त दाखवणं.

मॅटलॅबने २०१४ मध्ये आपला डिफॉल्ट रंग बदलला. मॅटप्लॉटलिबसाठी नॅथॅनियल स्मिथ, स्टेफान व्हान डर वाल्ट आणि एरिक फायरिंग यांनी नवे रंगपट तयार केले. त्यातला जांभळ्यापासून हिरव्यावरून पिवळ्यापर्यंत जाणारा विरिडिस निवडला गेला आणि २०१७ च्या जानेवारीत आवृत्ती २.० मध्ये तो डिफॉल्ट झाला. कृष्णधवल छापला तरी फिका-गडद क्रम टिकतो. काही शास्त्रज्ञ कुरकुरले, "आमचे जुने आलेख वेगळे दिसायला लागले!" पण डिफॉल्ट बदलण्यात एवढी ताकद असते ती याचमुळे. सेटिंगमध्ये जाऊन रंग बदलणारे थोडेच; बाकी सगळे जे समोर येईल ते घेतात. आलेखाच्या प्रोग्राममध्ये डिफॉल्ट ठरवणारा माणूस हजारो लोकांच्या वतीने निर्णय घेत असतो, आणि बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं.

शेवटी आपल्याकडचं एक ठिकाण. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की आपल्या पृथ्वीवरचा गोंगाट, म्हणजे मोबाइल, टीव्ही, विजेच्या तारा, त्यात सहज मिसळतो. तो डेटा साफ करायला खगोलशास्त्रज्ञ बऱ्याचदा कासा नावाची प्रणाली वापरतात, आणि तिच्यात प्लॉट-एमएस नावाची आलेखाची खिडकी आहे.

त्यातली बटणं बघितलीत तर ट्युकी आठवतील. ठिपक्यांच्या गर्दीत काही ठिपके उगाच उंच उडालेले. त्यांच्याभोवती माउसने चौकोन आखायचा. मग 'लोकेट' दाबलं की यादी येते: हे ठिपके कुठल्या तबकड्यांच्या जोडीतले, किती वाजताचे, कुठल्या वारंवारतेचे. "हा कोण?" ला उत्तर. आणि मग 'फ्लॅग', म्हणजे हे हिशेबात धरू नका. इथे हात जरा थबकायला हवा, कारण तो उंच ठिपका कुणाच्या मोबाइलचा असेल, किंवा खरोखरच आकाशातला असेल. म्हणूनच फ्लॅग केलेला डेटा पुसला जात नाही. मूळ आकडा तिथेच राहतो, शेजारी फक्त खूण पडते. 'फ्लॅग'च्या शेजारी 'अनफ्लॅग'चंही बटण आहे. दाबलं की ठिपका परत येतो.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या फोनमधल्या एखाद्या ग्राफमध्ये घरी परतायचं बटण नेमकं कुठे लपवलंय ते शोधून आम्हाला कळवा.